सुर्वेकाकांचा जुना डबा

'जुनं झालंय' हे शब्द सुर्वेकाकांना खपत नसत. कुणी दुकानात येऊन पंखा किंवा रेडिओ काउंटरवर ठेवला आणि "काका, पुराना हो गया है" म्हणाला, की काका आधी त्याच्याकडे चष्म्यावरून बघायचे. मग म्हणायचे, "भाईसाब, पुराना तो मैं भी हूँ. चल रहा हूँ कि नहीं?" गिऱ्हाईक ओशाळून हसायचं. काका ती वस्तू उचलून नाकाशी धरायचे आणि हुंगायचे. काय जळलंय ते त्यांना वासावरून कळायचं, निदान तसं ते म्हणायचे, आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

ग्वाल्हेरला दौलतगंजातल्या आमच्या गल्लीत खाली त्यांचं दुकान आणि वर घर. मी समोरच्या घरात. गणिताची मास्तरीण असल्यामुळे मला सगळ्या गोष्टी वेळेवर लागतात आणि काकांना वेळ ही गोष्टच मान्य नव्हती. माझा मिक्सर त्यांनी एकदा तीन आठवडे ठेवून घेतला. मी भांडायला गेले तर म्हणाले, "मास्तरीणबाई, दुरुस्त होऊन गेलाय तो. पण अजून घाबरलेला आहे. दोन दिवस राहू द्या इथे, चार मंडळींत रुळेल." मी तरातरा घरी आले आणि पाट्यावर चटणी वाटली. दोन दिवसांनी मिक्सर आला, तो आजही चालतो.

गिऱ्हाइकाशी ते हिंदीत बोलत, माझ्याशी आमच्या इथल्या हिंदी मिसळलेल्या मराठीत, आणि यंत्रांशी मात्र शुद्ध मराठीत, तेही अहो-जाहो करून. "काय होतंय बाईसाहेब? कुठे दुखतंय?" असं एखाद्या इस्त्रीला विचारताना मी त्यांना कितीदा तरी पाहिलंय. त्यांचे पणजोबा दख्खनेतून घोड्यावर बसून आले होते आणि फौजेत होते. त्यांची तलवार दुकानातच भिंतीवर होती. तिच्याखाली स्क्रू ड्रायव्हरांची रांग. दोन्हींना काका 'हत्यारं' म्हणत.

आता दुकान बंद आहे. दिवाळीनंतर त्यांची मुलगी आली आणि काका-काकूंना भोपाळला घेऊन गेली. शटर दिसलं की मला तो ऑक्टोबर आठवतो, आणि माझी स्वतःची लाज वाटते. ती का, ते सांगायचं तर आधी शैलाकाकूंबद्दल सांगायला हवं.

काकूंचा आवाज गेला त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. आजार असा की अंगातलं बळ हळूहळू जायचं आणि गेलेलं परत यायचं नाही. आधी पाय गेले, मग हात, मग जीभ. शेवटी डाव्या हाताचं पहिलं बोट तेवढं हलत राहिलं. पण हात चालत होते तेव्हाच काकूंनी शहाणपणाने तयारी करून ठेवली होती. मुलीने दिलेल्या टॅबवर चौकोनांचं एक अ‍ॅप होतं. चौकोनाला बोट लावलं की त्यातलं वाक्य बोललं जाई. वाक्यं सगळी काकूंनी स्वतः लिहून भरलेली. 'पाणी', 'कूस बदला', 'पंखा कमी' ही तर होतीच, पण 'भाजीत मीठ नाही', 'तो टीव्ही बंद करा, डोकं उठलं' आणि नुसतं 'अहो!' हीसुद्धा होती.

टॅबचा स्वतःचा आवाज केव्हाच जळला होता. काकांनी एका मोडीतल्या रेडिओच्या लाकडी पेटीत स्पीकर बसवला आणि काकूंचं बोलणं घरच्या वायफायवरून त्या पेटीत आणलं. दिवसा पेटी खाली दुकानात, संध्याकाळी वर काकूंच्या खाटेजवळ. आवाज यंत्रातल्या बाईचा. मराठी बोलायची, पण बातम्या दिल्यासारखी.

एकदा पोलीस ठाण्यातले कुणी मोठे साहेब टेबलफॅन घेऊन दुकानात उभे होते. पेटी एकदम म्हणाली, "पाठ खाजवा." साहेब दचकले. काकांनी हातातली सोल्डरिंगची तापलेली सळई स्टँडवर ठेवली, वर तोंड करून "आलो, सरकार!" असं ओरडले आणि जिना चढून गेले. साहेब दहा मिनिटं उभे. परत आल्यावर माफी वगैरे काही नाही. "होम मिनिस्ट्री है," म्हणाले आणि पंखा हुंगायला घेतला.

मी एकदा न राहवून विचारलं, "काका, नवा टॅब का नाही घेत? ह्याचा खालचा अर्धा पडदा तर मेलाय."

तेव्हा मी त्यांना पहिल्यांदाच माझ्यावर चिडलेलं पाहिलं. "नव्यावर हे अ‍ॅप नाही चढत. बनवणाऱ्याने दुकान बंद केलं, कुठेच मिळत नाही आता. ह्या टॅबमध्ये आहे तेवढंच. हे गेलं की शैलाचं बोलणं गेलं. दुसऱ्यांदा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पहिल्यांदा गेलं तेव्हा काय झालं होतं माझं, तुम्ही बघितलं नाही."

तर हे असं होतं. आणि त्यात गल्लीतल्या तारा बदलायची वेळ आली.

टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट बंद होणार, सगळ्यांनी नवी बारीक केबल घ्यायची, असं फर्मान निघालं. कनेक्शनवाले तोमरजी आले. पन्नाशीचे, सज्जन, सदा घाईत, घरातसुद्धा हेल्मेट न काढणारे. त्यांनी काकूंच्या खोलीत खिडकीखाली पांढराशुभ्र नवा राऊटर लावला आणि जुन्या राऊटरचा काळा डबा काढून पिशवीत टाकायला लागले. काकांनी तो हातातून काढून घेतला.

"ये कहाँ ले जा रहे हो?"

"काका, इसका क्या करोगे अब? नया दस गुना तेज है."

"तेज है तो दौड़ने दो. हमारी मंडळी चलनेवाली है."

त्यांनी दोन दिवस खपून जुना डबा नव्याला मागून वायरने जोडला. नव्या वस्तूंनी नव्याशी बोलायचं, जुन्यांनी जुन्याशी. काकूंच्या टॅबला तर काही बदललंय हे कळलंसुद्धा नाही, त्याचं ते जुनं वायफाय होतं तिथेच होतं. पेटीतून "चहा" आला तेव्हा काकांनी मला हाक मारून वर बोलावलं आणि दोन डबे दाखवले. "सून आली म्हणून सासूला गच्चीवर टाकत नसतात, मास्तरीणबाई." मी म्हटलं, "तुमच्या सासूला विचारलं होतंत का?" काकूंनी बोट लावलं. पेटी म्हणाली, "अहो!" आम्ही तिघेही हसलो. म्हणजे काकूंच्या डोळ्यांत हसू आलं, त्यांना तेवढंच जमायचं.

मग नवरात्र आलं.

खंडेनवमीला सुर्व्यांकडे हत्यारांची पूजा असते. पाटावर लाल कापड घालून त्यावर तलवार मांडायची, तिच्याशेजारी पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, मीटर. पूजेत मांडलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नाही, त्याला विश्रांती. दरवर्षी मी प्रसादाला जाते, त्या वर्षीही गेले. काकू चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या, अंगावर जांभळी साडी. आणि पाटावर तलवारीच्या उजव्या हाताला, झेंडूच्या फुलात, तो काळा डबा.

"काका, हा पण?"

"हाच तर खरा खंडा आहे ह्या घराचा." काकूंकडे बघून म्हणाले, "एक दिवस सरकार मौनात. चालेल ना?" काकूंनी खुर्चीच्या हातावर बोट एकदा आपटलं. एकदा म्हणजे हो.

काकांनी यथासांग पूजा केली. गंध लावलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल तांब्यात बुडवून सगळ्या हत्यारांवर पाणी शिंपडलं. आयुष्यभर तसंच शिंपडत आले होते. लोखंडाला दुसऱ्या दिवशी तेलाचा हात फिरवला की झालं. पन्नास वर्षं विजेचं काम केलेला माणूस, गिऱ्हाइकांना "पानी से बचाना" म्हणून बजावणारा, पण पूजेच्या पाटासमोर बसला की तो मिस्त्री नसायचा, सुर्व्यांच्या घरातला मुलगा असायचा. डब्याच्या पाठीवरच्या जाळीतून ओलं कुंकू आत उतरलं, ते आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी त्यांनी डबा पुसला, नमस्कार केला आणि बटण दाबलं. फट्ट आवाज झाला. मी समोरच्या खिडकीत होते, मला ऐकू आलं. धावत गेले तर काका डबा नाकाशी धरून उभे होते. हुंगत नव्हते. नुसते धरून उभे होते.

"गेला," म्हणाले. "मीच मारला."

तिथून अकरा दिवस मी त्या माणसाला वेडा होताना पाहिलं.

टोपी बाजारातल्या एका ओळखीच्या दुकानदाराकडून ते तसलाच जुना डबा घेऊन आले, पण टॅब त्याला ओळखेना. टॅबला आपल्या जुन्या वायफायचं नाव आणि पासवर्ड तेवढा पाठ. नवा पासवर्ड घालायचा तर अक्षरांचा कळफलक येतो पडद्याच्या खालच्या भागात, आणि तिथला स्पर्श मेलेला. टॅब उलटा धरला तर पडदा फिरेना. बाहेरून कीबोर्ड लावला, त्याची टॅबने दखल घेतली नाही. तोमरजींना मी फोन करून बोलावलं. त्यांनी टॅब हातात घेतला आणि सवयीने म्हणाले, "एक बार पूरा रीसेट मार देते हैं, सब ठीक हो जाएगा." काकांनी त्यांचं मनगट पकडलं. इतकं घट्ट की तोमरजींचा चेहरा उतरला. "इसमें मेरी बीवी है," काका म्हणाले. तोमरजींनी टॅब हळूच परत स्टँडवर ठेवला आणि पहिल्यांदाच हेल्मेट काढलं.

त्यांनीच शेवटी मार्ग सांगितला. टॅबला नव्याची ओळख करून देता येत नाही, तर नव्या राऊटरलाच जुन्याचं सोंग घ्यायला लावायचं. नव्याच्या पोटात दोन वायफाय असतात, एक वेगाचं आणि एक जुन्या पद्धतीचं. कंपनी दोघांना एकाच नावाखाली ठेवते. ती वेगळी करायची, जुन्या पद्धतीच्याला मेलेल्या डब्याचं नाव द्यायचं, त्याचाच पासवर्ड द्यायचा, नव्या जातीचं कुलूप काढून जुनं लावायचं. टॅब आपला आपण येऊन जोडला जाईल.

"पासवर्ड क्या था?" तोमरजींनी विचारलं.

काका माझ्याकडे बघायला लागले. पासवर्ड घालायचं काम काकूंचं. घरातल्या प्रत्येक वस्तूत, माझ्या फोनमध्येसुद्धा, तो काकूंनीच घातला होता, हात चालत होते तेव्हा. एकदा जोडलं की परत विचारायची वेळ आली नव्हती. काकांचा फोन साधा बटणांचा; माझ्या फोनमधून तरी तो काढता आला असता, पण तो फोन मी उन्हाळ्यात बदलला होता. मुलीला काकांनी विचारलं, तिलाही ठाऊक नव्हता. म्हणजे तो आता एकाच माणसाच्या डोक्यात होता.

रोज शाळेतून आले की मी वर जायची. मी काकूंच्या खाटेशी बसून त्यांचं बोट माझ्या तळहातावर घ्यायची आणि ए, बी, सी, डी म्हणत जायची. बरोबर अक्षराला काकूंनी बोट आपटायचं. काका खिडकीखाली राऊटरसमोर, आमच्याकडे पाठ करून, हातात कागद-पेन्सिल. पहिल्या दिवशी एस, यू, आर, व्ही, ई झालं. "सुर्वे!" काका ओरडले, "हे तर सोपं आहे." पण पुढे गाडी अडली. काकू थकायच्या, बोट भलत्याच अक्षराला आपटायचं, मग डोळे मिटून घ्यायच्या. मधेच त्यांचं बोट माझ्या तळहातावरून निसटून टॅबकडे जायचं. टॅब स्टँडवर त्यांच्यापुढेच होता, चौकोन उजळत होते, आवाज मात्र कुठेच जात नव्हता. मी बोट परत आणायची. "काकू, आधी हे. मग पोटभर बोला."

हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेन कोण जाणे.

काकांनी जेवण सोडल्यातच जमा होतं. दाढी वाढली. दुकान उघडायचे आणि गिऱ्हाइकाकडे न बघताच "कल आना" म्हणायचे. एकदा मला म्हणाले, "मास्तरीणबाई, मी परेशान होऊन गेलोय. तिला काही सांगायचं असेल आणि मला कळत नसेल, तर?" मी शहाणपणाने म्हटलं, "म्हणून तर हे करतोय ना." ते पुन्हा राऊटरकडे वळले. अंघोळ, औषध, दूध भरवणं, सगळं ते करत होते, कामाची बाई पण येत होती. पण हातातलं काम झालं की त्यांचं तोंड खिडकीकडे. कोजागिरी आली आणि गेली.

डबा गेल्यापासून अकराव्या दिवशी जी, एच, ओ, आर आलं. "घोरपडे?" मी म्हटलं. "आमच्यात कुणी घोरपडे नाही," काका म्हणाले. पुढे टी आला, मग ओ. काकू डोळे मिटून पडून राहिल्या. काकांनी कागद दूर धरून वाचला, आणि त्यांची मान खाली गेली. 'सुर्वे घोरतो.'

घरातली सगळी यंत्रं जिच्यावर चालत होती ती ही किल्ली. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते हसतही होते. "घोरतो मी? खरंच घोरतो?" मला विचारत होते. मी म्हटलं, "समोरच्या घरात ऐकू येतं." त्यांनी तो पासवर्ड राऊटरमध्ये भरला, मी तोमरजींनी लिहून दिलेल्या कागदावरून एकेक पायरी वाचत गेले. झाल्यावर म्हणाले, "पेटी खाली आहे. चला. पहिलं बोलणं दुकानातच ऐकायचं." काकूंजवळ बाईला बसवून आम्ही खाली आलो. काकांनी पेटीचं बटण लावलं आणि काउंटरला दोन्ही हात टेकून उभे राहिले.

दोन-तीन मिनिटं काहीच नाही. मग पेटी म्हणाली, "पाणी."

"आलं!" काका इतक्या मोठ्याने ओरडले की समोरचा बेडईच्या पुऱ्या तळणारा बाहेर आला. "आलो, सरकार!" पण पाय हलेना, आणखी ऐकायचं होतं त्यांना.

"पाणी," पेटी म्हणाली. "कूस बदला." मग, "सोनं आणलंत का?"

काका हसता हसता थांबले. दसऱ्याला घरी आल्यावर आपट्याची पानं काकूंच्या हातात द्यायची, त्यासाठीचा तो चौकोन होता. दसरा होऊन दहा दिवस झाले होते.

"कूस बदला. चादर टोचते. कूस बदला. दूध आटवलं का? जेवलात का तुम्ही?"

तेव्हा कुठे आमच्या ध्यानात आलं. अ‍ॅपने काहीच टाकून दिलं नव्हतं. वायफाय नव्हतं तेवढे दिवस काकूंनी ज्या ज्या चौकोनाला बोट लावलं ते सगळं त्यात साठून राहिलं होतं, आणि वाट मोकळी झाल्यावर आता ओळीने बाहेर येत होतं. त्या बातम्या देणाऱ्या आवाजात, मधे श्वासही न घेता.

"दुखतंय, सोडा. दुखतंय, सोडा." व्यायाम करून घेणाऱ्यासाठी ठेवलेला चौकोन होता तो. व्यायामवाला त्या दिवसांत आलाच नव्हता. काकूंचं बोट धरून रोज बसत होते ती मी. मी काकांकडे बघू शकले नाही.

"बसा ना," पेटी म्हणाली. "बसा ना. दुखतंय, सोडा. बसा ना. अहो! बसा ना."

काका काउंटरमागून निघाले. मला वाटलं ते पडतील, म्हणून मी पुढे झाले, पण त्यांनी मला हाताने बाजूला केलं. सत्तरी उलटलेला माणूस, गुडघे दुखतात म्हणून एरवी कठडा धरून चढायचा, तो त्या दिवशी कठड्याला हात न लावता चढला. अर्ध्या जिन्यात एक चप्पल सुटून पायरीवर राहिली, ती घ्यायला थांबले नाहीत. वरच्या दाराचा आवाज आला. मग खुर्ची ओढल्याचा.

मी खाली उभी होते. पेटी बंद करायला हात पुढे केला आणि मागे घेतला. इतके दिवस मी काकूंचं बोलणं तोडत आले होते. वर काका बसले होते, आणि खाली पेटी अजून मधल्याच कुठल्या तरी दिवसाचं म्हणत होती, "बसा ना."